एक्स-रेवाल्यांची बी.एस्सी.

एक्स-रेच्या डार्करूममध्ये धुतलेल्या फिल्मा तारेवर चिमट्यांनी टांगतात. एक वाळते न वाळते तोच दुसरी येते, दुसरीचं पाणी गळत असतं तोवर तिसरी. आमच्या एक्स-रेवाल्यांच्या किस्स्यांचं तसंच आहे. एक सांगून संपवावा, तर मागचा ओलाच असतो! चहाच्या टेबलावर एकदा विषय निघाला की मित्र म्हणतात, "अरे, तो भिंगाचा सांग," "तो गिरणीचा सांग." सांगतो. पण आधी माणसं कोण ते सांगू द्या.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाण्याला नवं सायन्स कॉलेज निघालं होतं आणि मी तिथे फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. नागपूरला शिकून नुकताच परत आलेलो. सगळा जिल्हा दोन वर्षांत शहाणा करून सोडायचा, असा माझा बेत होता. तिसरं वर्ष लागलं तर तो आपला कमीपणा, असं मला खरोखर वाटायचं.

सरकारी दवाखान्यातले एक्स-रे टेक्निशियन देवराव एक दिवस लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. उंद्रीचे शेतकऱ्याघरचे, इंटरनंतर ट्रेनिंग करून मशीनवर लागलेले. माझ्याहून वयानं मोठे, तरी मला 'सर' म्हणत.

"सर, मले बी.एस्सी. करा लागते. नोकरी न सोडता. होते काय?"

"काऊन होत नाही?" मी म्हणालो. पुढचं सगळं या तीन शब्दांतून निघालं.

मुंबईत किरणोपचाराचं, म्हणजे कॅन्सरवर किरणांचा इलाज करायचा, एक शिक्षणक्रम होता. त्याला बी.एस्सी. लागे आणि वय तिशीच्या आत. देवराव पहिल्या दमात पास झाले तर जेमतेम बसत होते. एकदा नापास झाले की गाडी गेली.

"पण तुम्हाला तिथेच का जायचंय?" मी विचारलं.

"आमच्या गावच्या दोन बाया त्या इलाजासाठी मुंबईले पाठवल्या होत्या. मलकापूर टेसनवरूनच वापस आल्या. मशीन मानसाले जाळते, असं कोनीतरी सांगतलं त्याईले. जाळत नाही, हे आपल्या बोलीत सांगनारा एक तरी मानूस जिल्ह्यात पायजे का नाही सर?"

मला आणखी काही ऐकायची गरज नव्हती.

देवरावांचं ऐकून आणखी दोघं आली. कुसुमताई टीबीच्या दवाखान्यात छातीचे एक्स-रे काढायच्या. रोहिणखेडचे हबीबभाई एका खाजगी डॉक्टरांकडे मशीन सांभाळायचे. झाला आमचा वर्ग!

*

प्रिन्सिपॉलसाहेब चांगले होते, पण त्यांना घाई नव्हती. मला ती दोघांपुरती होती.

"एक्स-रेवाल्यांना बी.एस्सी. कशाला? बी.ए. करा म्हणावं. घरी बसून होतं, प्रॅक्टिकलची भानगड नाही."

"साहेब, ते दिवसभर जे हाताळतात त्याचंच शास्त्र शिकायचंय त्यांना!"

"हजेरी कशी भरणार?"

"तुम्ही नाही म्हणालात तर मी नागपूरला जाईन! विद्यापीठात जाऊन बसेन!"

देवरावांनी मागून माझी बाही ओढली. "जाऊ द्या न सर."

हे त्यांचं पेटंट वाक्य. हजेरी कमी भरली, मशीन बंद पडलं, पगार लांबला, सायकलची चेन तुटली, सगळ्यावर एकच. "जाऊ द्या न सर." मी महिन्यातून एकदा तरी नागपूरला निघायचो आणि देवराव मला दरवाजातून परत आणायचे. शेवटी साहेबांनीच तोड काढली. तास सकाळी, ड्यूटीच्या आधी. प्रॅक्टिकल रविवारी.

कॉलेजचे कारकून गणूभाऊ यांनी लगेच यादी केली. तिघांची नावं लालभडक शाईत!

"गणूभाऊ, लाल शाई चुकांसाठी असते," मी म्हणालो.

गणूभाऊंनी टाक खाली ठेवला. "सर, लग्नाची पत्रिका कधी काळ्यात पाह्यली काय? चांगली गोष्ट लालच लिहा लागते. काळ्यात लिहितेत ते कोनी गेलं तं."

आता यावर नागपूरला जाऊन काय उपयोग!

*

पहिली चाचणी घेतली ती भिंगांवर. पेपर तपासायला बसलो आणि देवरावांच्या पेपरशी थांबलो. सगळ्या आकृत्या उलट! जगातल्या झाडून सगळ्या पुस्तकांत मेणबत्ती डावीकडे आणि तिची प्रतिमा उजवीकडे असते. इथे मेणबत्ती उजवीकडे आणि किरण डावीकडे पळत सुटलेले. चूक एकही नाही, पण सगळं उलट.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात कागद नाचवला. "देवराव, हे काय? वस्तू कुठे ठेवायची असते?"

"डावीकडे सर."

"मग तुम्ही कुठे ठेवलीय?"

"डावीकडेच."

माझा आवाज चढला. "ही डावी बाजू आहे? ही?"

कुसुमताई पदरात हसत होत्या. हबीबभाई खिडकीबाहेर पाहत होते. देवराव बिचारे खरोखर गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं. रोज पेशंट समोर उभा असतो. त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे. फिल्मवर शिशाचं डाव्या-उजव्याचं अक्षर लावतात तेही पेशंटच्या हिशेबानं, कारण तिथे चुकलं की चांगला पाय प्लास्टरमध्ये जातो!

"सर," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मेनबत्ती भिंगाच्या डाव्या हाताले हाये!"

*

कुसुमताईंची अडचण वेगळी होती. दवाखान्यात वेळ नाही, घरी जागा नाही. घर देऊळघाटच्या रस्त्याला, माणसं भरपूर, आणि सून पुस्तक घेऊन बसली की प्रत्येकाला नेमकं तेव्हाच पाणी लागायचं.

डार्करूमच्या दारावर लाल दिवा असतो. तो लागला की आत फिल्म उघडी आहे, दार उघडायचं नाही. मोठ्यातला मोठा डॉक्टरही बाहेर थांबतो. कुसुमताईंनी एक लाल बल्ब विकत आणला आणि घरी आपल्या खोलीच्या दारावर लावला.

"हा लागला का दार उघडायचं नाही," त्यांनी सासूबाईंना सांगितलं. "उघडलं का समदं खराब होते."

"काय खराब होते?"

"फिल्म."

सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं. आत कॉट, टेबल आणि पुस्तक. पण सरकारी नियम तो सरकारी नियम! त्या दिवसापासून त्या स्वतः दाराशी पहारा करू लागल्या. नवरा आला, थांबवला. नणंद आली, थांबवली. कुसुमताईंचा अभ्यास असा काही सुरू झाला की सहामाहीत तिघांत पहिल्या!

एक दिवस त्या दवाखान्यातून लवकर घरी आल्या. पाहतात तर दारावर लाल दिवा लागलेला. बाहेर शेजारच्या दोन बाया ताटकळत उभ्या.

"आत कोन हाये?" कुसुमताईंनी विचारलं.

आतून सासूबाईंचा झोपाळलेला आवाज आला. "उघडू नको बाई! खराब होईन!"

*

या मंडळींच्या छातीवर एक छोटा बॅज असे. त्याच्यात फिल्मचा तुकडा. महिनाभर लावायचा, मग मुंबईला पाठवायचा. तिथे तो तपासून सांगत की या माणसाला किती किरण लागले.

हबीबभाईंच्या डॉक्टरांकडे एका आठवड्यात फार गर्दी झाली आणि त्यांना सकाळचे तास जमेनात. मी हजेरी घेत होतो.

"हबीबभाई?"

"हजर," कुसुमताई म्हणाल्या आणि बाकावर एक बॅज ठेवला. खाली कोरी वही, वर पेन्सिल. सगळं नीट मांडून!

"हे काय आहे?"

"हबीबभाई ड्यूटीवर हायेत सर. पन त्याईनं बॅज पाठवला. म्हने, मुंबईवाले यालेच हबीब समजतेत, मंग सरले काय अडचन हाये?"

मी संतापलो. शिक्षण म्हणजे काय थट्टा आहे? हे असंच चाललं तर जिल्हा कधी पुढे जाणार? मी त्या बॅजसमोर चांगलं लांबलचक भाषण केलं. देवराव म्हणाले, "जाऊ द्या न सर." मग चिडून त्या बॅजलाच विद्युतचुंबकीय लहरी शिकवल्या. आठवडाभर! माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले तास असावेत, कारण विद्यार्थी एकदाही हलला नाही.

महिना-दीड महिन्यानं मुंबईहून कागद आला. हबीबभाई तो घेऊन हसत हसत वर्गात शिरले. गर्दीच्या त्या आठवड्यात ते मशीनवर बॅजशिवाय होते म्हणून त्यांच्या डॉक्टरांची बोलणीही खाऊन आले होते. पण चेहरा खुशीत.

"सर, देखो. बॅज तुमच्या तासाले पूरा आठवडा बसला."

"मग?"

"लिखा है, काहीच लागलं नाही!"

*

आता चष्म्याचा. हा नीट ऐका.

त्या वेळी पोटाचं, छातीचं स्क्रीनिंग अंधारात चालायचं. पेशंट मशीनमागे उभा आणि पुढच्या पडद्यावर त्याचं आतलं चित्र मंद मंद चमकतंय. ते दिसायला डोळ्यांना अंधाराची सवय लागते. त्यासाठी आधी वीस-पंचवीस मिनिटं लाल काचांचा चष्मा घालून बसायचं. उजेडात तो क्षणभर काढला की सगळी मेहनत वाया, पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे डॉक्टरसाहेब आणि देवराव दोघेही स्क्रीनिंगच्या दिवशी लाल चष्म्यात वावरत. दवाखान्याच्या आवारात, चहाच्या टपरीवर, सगळीकडे. उंद्रीचा एखादा माणूस भेटला की हमखास विचारायचा, "काऊन देवराव, डोये आले काय?"

एका चाचणीत देवरावांनी फार चुका केल्या होत्या. विषय रंगांचा. मी पेपर लाल शाईनं रंगवून काढला. इतका की गणूभाऊंनी पाहिला असता तर अभिनंदन केलं असतं. देवराव त्या दिवशी तासाला आले नाहीत, म्हणून मी पेपर घेऊन तावातावानं दवाखान्यात गेलो. देवराव व्हरांड्यात बाकावर बसलेले, डोळ्यांवर लाल चष्मा.

"पाहा!" मी पेपर त्यांच्या हातात आदळला. "पाहा आणि सांगा!"

देवराव पेपर पाहू लागले. पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. चेहरा हळूहळू फुलत गेला.

"सर... एकही चूक नाही?"

मला वाटलं, माणूस माझी टिंगल करतोय. "देवराव!"

"नाही सर, मी तं भेऊन राह्यलो होतो. मले वाटलं होतं, हा पेपर गेला."

शेजारच्या खुर्चीत डॉक्टरसाहेब बसले होते. त्यांनी हात पुढे केला. त्यांच्याही डोळ्यांवर तोच चष्मा. त्यांनी पेपर उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "वा! स्वच्छ पेपर आहे. मास्तर, मुलाला एवढं रागावता कशाला?"

मी दोघांच्या चष्म्यांकडे पाहिलं. मग डोक्यात प्रकाश पडला. लाल काचेतून फक्त लाल येतं. पांढरा कागद लाल दिसतो आणि त्यावरची लाल शाई त्यातच मिसळून जाते. माझी सगळी विद्वत्ता त्या दोघांच्या लेखी कोरी होती!

आणि खरी गंमत पुढे आहे. पेपरातला चौथा प्रश्न होता, 'लाल काचेतून पांढऱ्या कागदावरची लाल अक्षरे कशी दिसतील?' देवरावांनी ठामपणे लिहिलं होतं, 'अधिक ठळक.' मी त्यावर हातभर काट मारली होती. त्यांनी तेच उत्तर माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "हे तं बरोबरच हाये न सर?"

तेव्हापासून देवरावांचे पेपर मी निळ्या शाईनं तपासू लागलो. भांडण नको.

*

गिरणीचा किस्सा हबीबभाईंचा.

त्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना आणि पिठाची गिरणी एकाच लाइनवर. गिरणी सुरू झाली की दवाखान्यातलं व्होल्टेज बसायचं आणि फिल्म फिकी यायची. म्हणून रीत अशी पडली होती, की एक्स-रे काढायच्या आधी पेशंटच्या नातेवाइकानं गिरणीत पळत जायचं आणि ओरडायचं, "पाच मिनिट थांबवा हो, छाती काढून राह्यले!"

गिरणी थांबायची. दळणाच्या रांगेतल्या बायांना मात्र ते पसंत नसायचं. "कोनाची छाती हाये?" "मंगाच तं एक काढली!" एकदा तर त्यातल्या चार-पाच जणी पेशंट कोण आहे ते पाहायला डबे घेऊन दवाखान्यात आल्या. ओळखीचाच निघाला. मग तब्येतीची चौकशी झाली, एकीनं काढा सांगितला, आणि गिरणी तासभर बंद!

वार्षिक तोंडी परीक्षेत आमच्या विभागप्रमुखांनी हबीबभाईंना विचारलं, "एक्स-रे नळीचं व्होल्टेज कमी झालं तर काय होईल?"

"फिल्म फिकी येईन सर."

"बरोबर. व्होल्टेज कमी होण्याचं एक कारण सांगा."

"ज्वारी."

विभागप्रमुख पुढे झुकले. "काय?"

"ज्वारी, सर. आन् चन्याची दाळ असली तं जास्तच उतरते."

विभागप्रमुख पुण्याकडचे. काहीही सोडून न देणारे. त्यांनी हबीबभाईंना बाहेर पाठवलं, मला आत बोलावलं, सगळं समजावून घेतलं. मग बराच विचार करून गुणपत्रकाशेजारी शेरा मारला, 'उत्तर बरोबर. कारण स्थानिक.'

*

असं करत करत शेवटचं वर्ष आलं. देवरावांनी मुंबईचा अर्ज आणून ठेवला होता. निकालाची ओळ तेवढी रिकामी. घरचे विचारायचे, बायको विचारायची, आणि उंद्रीहून येणारा प्रत्येक माणूस विचारायचा. त्या दोन बायांपैकी एक वारली होती. दुसरी अजून होती. देवराव त्याबद्दल बोलत नसत, पण त्या वर्षी त्यांनी एकही रविवार चुकवला नाही.

प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला नागपूरहून परीक्षक आले. बंद गळ्याचा कोट, चेहरा इस्त्री केल्यासारखा. सकाळच्या तुकडीतली दोन मुलं त्यांच्या समोरून पाणावल्या डोळ्यांनी बाहेर आली होती.

देवरावांच्या वाट्याला गॅल्व्हानोमीटरचा प्रयोग आला. त्यात काचेच्या पट्टीवर उजेडाचा एक ठिपका पडतो आणि तो स्थिर झाला की वाचन घ्यायचं. टेबलाला धक्का लागला की ठिपका नाचतो. देवरावांनी जुळणी चांगली केली होती. परीक्षक आले आणि ठिपका पाहायला पट्टीवर नाक टेकेल इतके वाकले. एक हात टेबलावर टेकला. ठिपका थरथरायला लागला.

देवरावांची नजर ठिपक्यावर खिळलेली. समोर कोण आहे याचं भान गेलं. वर्षानुवर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली, अगदी दवाखान्यातल्या आवाजात!

"हात खाली सोडा. हनुवटी वर. श्वास घ्या... धरा! हलायचं नाही!"

परीक्षकांनी हात खाली सोडला. हनुवटी वर केली. श्वास घेतला आणि धरला!

मी दारात उभा होतो. मीही धरला.

देवराव शांतपणे पट्टीवर वाकले. एक वाचन घेतलं. लिहिलं. दुसरं घेतलं. लिहिलं. ठिपका दगडासारखा स्थिर! परीक्षकांचे गाल फुगलेले, चेहरा आधी गुलाबी, मग जांभळा. नजर देवरावांवर. आणि देवराव आकडेमोडीत गुंतलेले.

शेवटी हबीबभाईंना राहवलं नाही. शेजारच्या टेबलावरून ते हळूच म्हणाले, "अबे देवराव, सोड न त्याईले!"

देवरावांनी वर पाहिलं. "हां. सोडा."

परीक्षकांनी श्वास सोडला. कपाळ पुसलं. देवरावांच्या वहीवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळी मी तापलेलो होतो. "यात देवरावांचा काय दोष? प्रयोग बरोबर आला होता! नापास केलं तर मी नागपूरला जाणार. या वेळी खरंच जाणार!"

देवरावांचा चेहरा उतरला होता, तरी म्हणाले तेच. "जाऊ द्या न सर. बिचाऱ्याचा जीव गेला असता."

*

आणि आता शेवटचा.

निकाल विद्यापीठाकडून कॉलेजात यायचा आणि पास झालेल्यांचे नंबर गणूभाऊ मोठ्या कागदावर लिहून बोर्डावर लावायचे. त्या दिवशी मी दहापासून गणूभाऊंच्या टेबलाशी उभा होतो. ते काही सांगायला तयार नव्हते.

"बोर्डावर पाहा सर. सगळ्याईसारखं."

"गणूभाऊ, फक्त एक नंबर!"

"घाई करू नका. अक्षर बिघडते."

त्यांनी दौत उघडली, टाक बुडवला, आणि एकेक नंबर असा लिहिला की जणू मुलीच्या लग्नाची पत्रिकाच काढताहेत. मग कागद नेऊन बोर्डावर लावला. मुलांची झुंबड उडाली. मी घुसलो. कुसुमताईंचा नंबर होता. हबीबभाईंचा होता. आणि त्यांच्यामध्ये, ठसठशीत, देवरावांचा!

मला ओरडायचं होतं. पण म्हटलं, नाही. हा त्यांचा क्षण आहे, त्यांनी स्वतः पाहावा. मी बाजूला सरकून उभा राहिलो.

थोड्या वेळानं फाटकातून देवरावांची सायकल आली. दवाखान्यात स्क्रीनिंगचा दिवस होता. दोन पेशंटच्या मधे डॉक्टरसाहेबांनी त्यांना दहा मिनिटं सोडलं होतं, एका अटीवर. चष्मा काढायचा नाही.

मुलांनी वाट करून दिली. सगळ्यांना ते ठाऊक होते. देवराव बोर्डासमोर जाऊन उभे राहिले. लाल चष्मा, छातीवर बॅज, हात मागे बांधलेले. वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुढे झाले. पुन्हा पाहिलं. कागदाचा कोपरा उचलून मागची बाजूही पाहिली.

मी हसू दाबत जवळ गेलो. "काय देवराव? काय म्हणतो निकाल?"

ते माझ्याकडे वळले. चेहरा पांढराफटक.

"सर, माह्यं जाऊ द्या. मी समजलोच होतो. पन कुसुमताई? हबीबभाई?" त्यांनी भोवतालच्या मुलांकडे हात केला. "हे पोट्टे? दिवसरात्र अभ्यास केला याईनं!"

"अहो, पण..."

"एकही नाही सर! पूर्ण कॉलेजातून एकही नाही?"

आजूबाजूची मुलं एकमेकांकडे पाहू लागली. गणूभाऊ टाक हातात घेऊन दारात येऊन थबकले. देवरावांचा आवाज चढत चालला होता. एवढ्या वर्षांत मी तो चढलेला कधी ऐकला नव्हता. त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि मला ओढतच सायकलीकडे नेलं.

"जाऊ द्यायचं नाही सर! चला नागपूरले!"